जुन्याची सर नव्याला का नाही? सुपरहिरो कार्टूनची तुलना करण्याची रीत

नवी सुपरहिरो मालिका आली की पहिल्याच दिवशी ठरलेली वाक्यं ऐकू येतात. ॲनिमेशन स्वस्तातलं आहे, डिझाइन बिघडवलंय, व्हिलनमध्ये दम नाही, सगळं घाईत उरकलंय. असं म्हणणारे चाहते सहसा खोटं बोलत नसतात, त्यांना काहीतरी खटकलेलं असतंच. पण खटकलं एक आणि बोट ठेवलं दुसऱ्यावर, असं फार होतं. मग समोरच्याने दोन प्रश्न विचारले की टीका कोसळते. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय हे शोधून काढायची रीत इथे दिली आहे. हा वाद मुळात अमेरिकी मालिकांचा, म्हणून उदाहरणंही तिथलीच आहेत. ओघात काही कथांचे शेवट उघड होतील.

आधी दोन्ही प्रती एका पातळीवर आणा

जुनी मालिका आठवणीतून आणि नवी मालिका पडद्यावरून, अशी तुलना करू नका. जुनी पुन्हा पाहा. पाहताना चार गोष्टी तपासा.

पहिली, चित्राची चौकट. १९९० च्या दशकातल्या मालिका ४:३ च्या (रुंदी ४, उंची ३) चौकटीसाठी काढल्या होत्या. रुंद पडदा भरावा म्हणून त्या १६:९ मध्ये कापल्या, तर उंचीचा एक चतुर्थांश भाग जातो. बॅटमॅनचे कान आणि पायाखालची सावली अशीच कापली जाते. अशी प्रत पाहून ‘रचना कोंदट आहे’ म्हणणं म्हणजे कात्रीचा दोष चित्रकाराच्या माथी मारणं. डाव्या-उजव्या बाजूला काळ्या पट्ट्या दिसत असतील तीच प्रत घ्या.

दुसरी, वेग. मूळ काम सेकंदाला २४ फ्रेमचं, म्हणजे २४ सुट्या चित्रांचं. आपल्याकडच्या टीव्ही प्रसारणाच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम लागतात, त्यामुळे त्या प्रती साधारण ४ टक्के वेगाने पळतात. २२ मिनिटांचा भाग २१ मिनिटं ७ सेकंदांत संपतो आणि दुरुस्ती केलेली नसेल तर आवाजही किंचित चढा लागतो.

तिसरी, टीव्हीची सेटिंग. मोशन स्मूदिंग बंद करा. हे चालू असलं की टीव्ही स्वतःच्या मनाने मधल्या फ्रेम बनवून घुसडतो आणि हाताने काढलेली हालचाल तेलकट, गुळगुळीत दिसते. नव्या मालिकांबद्दलची ‘कॉम्प्युटरवर केल्यासारखं वाटतं’ ही तक्रार कधी कधी इथेच निकालात निघते.

चौथी गोष्ट आपल्याकडच्या प्रेक्षकांसाठी सगळ्यांत महत्त्वाची. ‘जस्टिस लीग’ किंवा ‘टीन टायटन्स’ महाराष्ट्रात बऱ्याच जणांनी हिंदी डबमध्ये पाहिल्या. नवी मालिका मात्र मूळ इंग्रजीत पाहिली जाते. मग ‘आवाजात ती मजा नाही’ हे दोन मालिकांबद्दलचं मत उरत नाही, ते दोन भाषांबद्दलचं होतं. तुलनेपुरत्या दोन्ही मालिका एकाच भाषेत ऐका. १९९२ च्या बॅटमॅन मालिकेत केव्हिन कॉनरॉय ब्रूस वेन आणि त्याचंच मुखवट्यातलं रूप बॅटमॅन यांच्यासाठी दोन वेगळे आवाज लावायचा, आणि आवाजाची दिग्दर्शिका अँड्रिया रोमानो कलाकारांना शक्यतो एकत्र बसवून संवाद ध्वनिमुद्रित करायची. हे मूळ आवाजातच कळतं.

कशाची जोडी कशाशी

शितावरून भाताची परीक्षा इथे फसते, कारण दोन पातेली एका मापाची नसतात. ‘बॅटमॅन: द ॲनिमेटेड सीरिज’ (१९९२) चे एकूण ८५ भाग आहेत, ‘बॅटमॅन: केप्ड क्रुसेडर’ (२०२४) च्या पहिल्या सीझनचे १०. जुनीची पहिली खेप ६५ भागांची होती. या आकड्यालाही कारण आहे: आठवड्याचे ५ दिवस, १३ आठवडे, म्हणजे ६५. रोज दाखवायच्या मालिकेला तेवढे भाग लागतच. त्यामुळे जुन्यात भरतीचे भाग आहेत आणि ते असणारच होते. ‘आयव्ह गॉट बॅटमॅन इन माय बेसमेंट’ हा भाग कट्टर चाहतेही वाखाणत नाहीत. पण आठवणीत तो उरत नाही. उरतो मिस्टर फ्रीझ या व्हिलनचा ‘हार्ट ऑफ आइस’.

म्हणून जोडी लावताना उत्तम भागासमोर उत्तम, दुबळ्यासमोर दुबळा आणि पहिल्यासमोर पहिला भाग ठेवा. पहिला भाग निवडताना सावध राहा. बॅटमॅनमध्ये निर्मितीच्या क्रमाने पहिला ‘ऑन लेदर विंग्ज’. प्रक्षेपणात मात्र ५ सप्टेंबर १९९२ ला आधी ‘द कॅट अँड द क्लॉ’ चा पूर्वार्ध आला. जुन्या मालिकांत हा घोळ सर्रास आढळतो. पात्रांची ओळख नीट करून दिली नाही अशी तक्रार करण्याआधी निर्मितीक्रम पाहून घ्या.

जोडी सगळ्यांत जास्त चुकते ती ‘टीन टायटन्स’ (२००३–२००६) आणि ‘टीन टायटन्स गो!’ (२०१३ पासून) यांच्यात. पाच नायक तेच आणि नवी सुरू झाली तेव्हा त्यांचे आवाजही त्याच पाच कलाकारांचे, त्यामुळे नवी म्हणजे जुनीचा पुढचा सीझन असं वाटून जातं. पण एक २२ मिनिटांची साहसकथा आहे आणि दुसरी ११ मिनिटांचा विनोदी तुकडा. जुन्या मालिकेतल्या स्लेड या व्हिलनच्या गंभीर कथेशेजारी ‘गो!’ चा भाग ठेवला तर निकाल आधीच लागलेला असतो आणि त्यातून हाती काही येत नाही. जुन्या मालिकेतले तिचे स्वतःचे विनोदी भाग घ्या. मॅड मॉड किंवा कंट्रोल फ्रीक या गमत्या व्हिलनचा, किंवा रॉबिनचा छोटा चाहता लॅरी येतो तो. त्यांच्यात विनोद पात्राच्या स्वभावातून निघतो का, भाग संपेपर्यंत नात्यात काही हलतं का, हे पाहा. मग तेच प्रश्न ‘गो!’ ला विचारा. अशी जोडी लावली की ‘गो!’ वरची टीका जास्त टोकदार होते, कारण आता दोन विनोद समोरासमोर असतात. ‘गो!’ चे काही भाग यात चांगले तरतात, हेही तेव्हाच दिसतं.

‘ॲनिमेशन वाईट आहे’ म्हणजे नेमकं काय?

या एका वाक्यात किमान चार वेगळ्या तक्रारी कोंबलेल्या असतात. हालचाल तुटक आहे. चेहरे शॉटगणिक बदलतात. पोझमध्ये जोर नाही. रंग आणि प्रकाश सपाट आहे. प्रत्येकीची तपासणी वेगळी.

हालचालीसाठी फ्रेम मोजा. यूट्यूबवर चित्र थांबवून पूर्णविरामाची कळ दाबली की एक फ्रेम पुढे जाते, स्वल्पविरामाची दाबली की मागे. व्हीएलसीमध्ये ‘ई’ ची कळ पुढे नेते. एकच पात्र चालतंय किंवा मारतंय असा ५ सेकंदांचा शॉट निवडा, म्हणजे १२० फ्रेम झाल्या. चित्र प्रत्यक्षात किती वेळा बदलतं ते मोजा. साधारण ६० आले तर दर दोन फ्रेमना नवं चित्र आहे, आणि दूरचित्रवाणीच्या मापाने ते उत्तम काम. ४० च्या आसपास आले तर दर तीन फ्रेमना. त्याहून खाली गेलं की डोळ्याला झटके जाणवायला लागतात. क्लिप सेकंदाला ३० फ्रेमची असेल तर दर पाच फ्रेममधली एक नुसती पुनरावृत्ती असते, ती वजा करा.

असे तीन शॉट घ्या: एक मारामारीचा, एक चालण्याचा, एक दोघांच्या बोलण्याचा. फक्त बोलण्याचा शॉट मोजून निकाल देऊ नका. तिथे ओठ सोडले तर बाकी सगळं स्थिर ठेवणं ही १९५० च्या दशकापासूनची काटकसर आहे. १९८० च्या दशकात आपल्याकडे दूरदर्शनवर दिसलेला १९६७ चा स्पायडर-मॅन आठवा. त्याच्या पोशाखावर जाळ्याच्या रेघा मुखवटा, हातमोजे आणि बूट एवढ्यावरच होत्या, अंगावर निळा-लाल सपाट रंग. प्रत्येक चित्रात तेवढ्या रेघा कमी काढायला लागाव्यात, हे त्याचं कारण. झोके घेण्याचे तेच ते शॉट भागाभागात फिरत राहायचे. त्यामुळे ‘हल्ली पैसे वाचवतात’ या वाक्यातला ‘हल्ली’ काढून टाका. विचारायचं ते हे की वाचवलेले पैसे कुठे खर्च झाले. चालण्याच्या शॉटमध्ये चित्रं वाचवून मारामारीत ओतली असतील तर ते शहाणपण आहे. मारामारीतही माणूस जागचा न हलता नुसता सरकवलेला असेल, तर टीका रास्त आहे. ‘इन्व्हिन्सिबल’ च्या दुसऱ्या सीझनवर चाहत्यांनी नेमका हाच आक्षेप घेतला होता. त्याच सीझनमध्ये एका ॲनिमेटर पात्राच्या तोंडून अशा युक्त्या सांगूनही टाकल्या आहेत, तो प्रसंग या विषयाचा चांगला धडा आहे.

चेहरे बदलत असतील तर शेवटची नामावली वाचा. स्टोरीबोर्ड, म्हणजे शॉटचा कच्चा आराखडा, अमेरिकेत होत असे, पण चित्रं जपान-कोरियातल्या स्टुडिओत काढली जात, आणि एका मालिकेवर अनेक स्टुडिओ असत. बॅटमॅनवर टीएमएस, स्पेक्ट्रम, सनराइज, डाँग यांग, एकॉम अशी कितीतरी नावं दिसतात. डोळा तयार करायचा असेल तर ‘फीट ऑफ क्ले’ चे दोन्ही भाग एका बैठकीत पाहा. गोष्ट एक, पटकथेचा सूर एक, पण पूर्वार्ध एकॉमचा आणि उत्तरार्ध टीएमएसचा. पूर्वार्धात आकार डळमळतात, वजन जाणवत नाही. उत्तरार्धात पडद्यांच्या भिंतीवर स्वतःच्या जुन्या भूमिका पाहून क्लेफेस या चिखलाच्या, पूर्वी नट असलेल्या व्हिलनचं अंग एका रूपातून दुसऱ्या रूपात ओघळत जातं, तिथे चिखलाचं वजन हाताला लागल्यासारखं वाटतं. हा फरक एकदा दिसला की ‘जुन्या मालिकेचं ॲनिमेशन’ असं सरसकट बोलताच येत नाही. कोणत्या भागाचं, कोणत्या स्टुडिओचं, हे सांगावं लागतं. नव्या मालिकेलाही तोच न्याय लावा.

रंगाची गोष्ट वेगळी. १९९२ च्या बॅटमॅनची पार्श्वभूमी काळ्या कागदावर रंगवलेली होती. पांढऱ्यावर अंधार चढवण्याऐवजी काळ्यावर उजेड काढायचा. म्हणून गॉथममध्ये, बॅटमॅनच्या शहरात, दिवा जिथे आहे तिथेच उजेड दिसतो, बाकी काळोख कागदाचाच. नव्या मालिकेत ‘रात्र रात्र वाटत नाही’ असं खटकत असेल तर एका फ्रेमवर चित्र थांबवून रंग काढून टाका, म्हणजे ती करड्या छटांत पाहा. सगळ्यांत गडद जागा खरंच काळी आहे की निळसर करडी? पात्र आणि भिंत एकाच छटेची तर नाहीत? उत्तर तिथे मिळतं, आणि ‘डिजिटल असल्यामुळे’ या कारणापेक्षा ते कितीतरी पक्कं असतं.

डिझाइन बदललं, म्हणून बिघडलं?

१९९७ मध्ये ‘द न्यू बॅटमॅन ॲडव्हेंचर्स’ साठी त्याच मंडळींनी सगळी पात्रं नव्याने काढली. जोकरचे लाल ओठ गेले, डोळे काळे होऊन आत पांढरा ठिपका राहिला. चाहते नाराज झाले. त्याच खेपेत स्केअरक्रो हा बुजगावण्याच्या वेषातला व्हिलनही बदलला: रुंद टोपी, लांब काळा कोट, गळ्यात फास. तो मात्र बहुतेकांना जुन्यापेक्षा सरस वाटला. मंडळी तीच, वर्ष तेच, रेषा कमी करण्याचं धोरणही तेच, आणि निकाल उलटे. म्हणजे दोष बदलाचा नव्हे. जोकरचा अभिनय ओठांत आणि डोळ्यांच्या पांढऱ्यात होता, तोच काढून घेतला. स्केअरक्रोला मात्र नसलेली भीती मिळाली.

तपासणी सोपी आहे. पात्र पूर्ण काळं भरा आणि सावलीवरून ओळखू येतं का पाहा. मग फक्त चेहरा कापून राग, भीती आणि खोटं हसू असलेल्या तीन फ्रेम शेजारी ठेवा. दोन्हींत पास होणारं डिझाइन तुम्हाला आवडलं नाही, तर तसं सरळ लिहा. आवड-निवड लपवण्याची गरज नाही, तिला दोषाचं नाव मात्र देऊ नका.

पात्राचा लिंगबदल किंवा वंशबदल झाला की वाद याहून तापतो. ‘केप्ड क्रुसेडर’ मध्ये पेंग्विन हा एरवी पुरुष असलेला व्हिलन बाई आहे, ऑस्वाल्डा कॉबलपॉट. बाई केली, एवढ्याच टीकेला वजन नाही. कथेत त्या बदलाने काय झालं ते पाहा. पहिल्याच भागात ती फितुरीच्या संशयावरून स्वतःच्या मुलाचा जीव घेते, आणि तोही चुकीच्या मुलाचा. आईने हे करणं आणि टोळीच्या पुरुष म्होरक्याने करणं, यात फरक पडतो असं वाटलं तर बदल कामाला आला. पडत नाही असं वाटलं तर तेच लिहा. ती खरी टीका.

लेखन तपासताना

‘व्हिलनमध्ये दम नाही’ म्हणण्याआधी तीन वेळा नोंदवा: व्हिलनला काय हवंय हे कितव्या मिनिटाला कळतं, ते का हवंय हे कितव्या, आणि शेवटी त्याला काय गमवावं लागतं हे कितव्या. ‘हार्ट ऑफ आइस’ यावर घासून बघा. सुरुवातीलाच मिस्टर फ्रीझ काचेच्या गोळ्यातल्या बर्फात नाचणाऱ्या बाहुलीशी बोलतो. त्याला काय हवंय ते अजून कळायचं असतं, पण त्याचं काहीतरी गेलंय हे कळलेलं असतं. शेवटी कोठडीत पुन्हा तोच गोळा. सगळं २२ मिनिटांत. आजच्या व्हिलनला पूर्ण सीझन मिळतो, त्यामुळे पहिल्या भागात हे दिसलं नाही म्हणून ओरड करू नका. सीझन संपल्यावरही तीनपैकी एक रकाना रिकामा राहिला तर खुशाल करा.

अशा सलग मालिकेवर अर्ध्यातून उठून केलेली टीका हमखास उलटते. ‘केप्ड क्रुसेडर’ चा ब्रूस आपल्या घरच्या नोकराला, आल्फ्रेडला, ‘पेनीवर्थ’ म्हणून आडनावाने हाक मारतो. जुन्या मालिकेतला जिव्हाळा मनात असलेल्यांना हे फार लागलं. पण ते मुद्दामच पेरलेलं आहे. सीझनच्या शेवटी ब्रूस त्याला ‘आल्फ्रेड’ म्हणतो, आणि त्या एका हाकेसाठी बाकीचा कोरडेपणा राखून ठेवलेला असतो. युक्ती आवडली नाही तर जरूर लिहा, पण ती दिसली होती हे टीकेत कळलं पाहिजे.

उलट बाजूने ‘द स्पेक्टॅक्युलर स्पायडर-मॅन’ (२००८–२००९) पाहा. डॉ. कॉनर्स हा शास्त्रज्ञ तिसऱ्या भागात लिझर्ड हा सरड्यासारखा राक्षस होतो. पण पहिल्या दोन भागांत तो पीटरला (म्हणजे स्पायडर-मॅनला) आणि त्याची मैत्रीण ग्वेनला काम देणारा, एक हात गमावलेला, संसारी माणूस म्हणून आपल्या ओळखीचा झालेला असतो. दुसऱ्या भागातला इलेक्ट्रोही त्याच प्रयोगशाळेतल्या अपघातातून निघतो. ‘अल्टिमेट स्पायडर-मॅन’ (२०१२–२०१७) वर चाहते तुटून पडले ते या विणकामाची सवय झालेली असताना. त्यांचा मुख्य आक्षेप होता, चित्र थांबवून पीटरने प्रेक्षकांशी बोलण्यावर. हाही मोजता येतो. एका भागात असे थांबे किती, आणि प्रत्येक थांब्याच्या आधीच्या १० सेकंदांत काय चाललं होतं, ते लिहून काढा. शाळेतल्या प्रसंगात थांबला तर बिघडत नाही. कुणाचा जीव टांगणीला असताना थांबला तर ताण तिथेच सुटतो आणि परत जुळत नाही.

रक्त आणि धाडस यांची गल्लतही नेहमीची. १९९४ च्या स्पायडर-मॅनला वाहिनीच्या नियमांमुळे साधी बंदूक दाखवता येत नव्हती, लेझर दाखवावे लागत. मॉर्बियस या रक्तपिपासू पात्राला रक्त म्हणायचीही सोय नव्हती, तो ‘प्लाझ्मा’ मागत फिरायचा. त्याच काळात बॅटमॅनच्या ‘रॉबिन्स रेकनिंग’ मध्ये रॉबिनच्या आईवडिलांचा मृत्यू कसा दाखवलाय पाहा. दोघं झोका घेत चौकटीबाहेर जातात. परत येते ती नुसती तुटलेली दोरी. पडद्यावर काय दाखवायची परवानगी होती आणि दिग्दर्शकाने त्यात काय साधलं, हे दोन वेगळे रकाने ठेवा.

राग कुणावर आहे, तेही तपासा

मार्च २०१३ मध्ये कार्टून नेटवर्कवर ‘यंग जस्टिस’ आणि ‘ग्रीन लँटर्न’ या दोन्ही मालिका थांबल्या. एप्रिलमध्ये ‘टीन टायटन्स गो!’ सुरू झाली. ‘गो!’ वरच्या रागात या दोन मालिकांचं सुतक मिसळलेलं होतं, आणि पुढे वाहिनी दिवसभर तीच दाखवू लागल्याचा वैतागही. राग योग्यच आहे. पण तो वेळापत्रक ठरवणाऱ्यांचा हिशेब, मालिकेच्या लेखकांचा नाही. तुमच्या तक्रारींच्या यादीवर एकदा नजर फिरवा आणि ‘मालिका’ व ‘वाहिनी’ असे दोन ढीग करा.

लिहिताना

प्रत्येक मुद्द्यामागे भागाचं नाव, क्रमांक आणि मिनिट-सेकंद द्या. एका लेखात तीनच मुद्दे घ्या. नव्या मालिकेचं जे जमलंय ते मुद्द्याच्या शेजारीच सांगा, शेवटी तोंडदेखलं नको. ‘एक्स-मेन ’९७’ (२०२४) वर लिहायचं असेल तर ‘सगळं घाईत उरकलंय’ या वाक्याऐवजी असं लिहिता येईल:

‘जुन्या मालिकेने जीन या नायिकेच्या फीनिक्स-कथेला पाच भाग दिले आणि डार्क फीनिक्सला आणखी चार. नव्या मालिकेच्या तिसऱ्या भागात, “फायर मेड फ्लेश” मध्ये, मॅडेलिन ही जीनची प्रतिकृती असल्याचं कळतं, ती गॉब्लिन क्वीन ही व्हिलन होते, लढाई होते, ती शुद्धीवर येते आणि तिच्या तान्ह्या मुलाला, नेथनला, भविष्यात पाठवावं लागतं. एवढं सगळं साधारण अर्ध्या तासात. मूल सोडण्याचा प्रसंग त्यामुळे लढाईच्या धुरात हरवतो. हीच मालिका पाचव्या भागात, “रिमेंबर इट” मध्ये, पार्टी, नाच, मत्सर यांना निवांत वेळ देते आणि मगच जेनोशा या म्युटंटांच्या देशावर हल्ला आणते, म्हणून गॅम्बिट या नायकाचा मृत्यू अंगावर येतो. वेळ देणं या लेखकांना जमतं. तिसऱ्या भागात त्यांनी तो दिला नाही.’